बाबांचा मंगळवार आणि माझी एम.एस्सी.

डॉक्टरांनी रिपोर्टमधल्या एका आकड्याभोवती पेनाने गोल केला आणि विचारलं, "सोबत मोठं कोणी आलंय का?"

मी म्हणालो, "मीच आहे."

बाबा शेजारच्याच स्टुलावर बसले होते. पण ते पेशंट, म्हणजे त्या खोलीत मोठा मीच. तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, विषय रसायनशास्त्र. तो गोल केलेला आकडा क्रिएटिनिनचा होता. क्रिएटिनिन म्हणजे शरीरातला कचरा, जो किडनी रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. तो साधारण एकच्या आसपास असायला हवा. बाबांचा अकराच्या वर होता.

"दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्यात," डॉक्टर म्हणाले. "डायलिसिस सुरू करावं लागेल. आजच."

घरात कुणाला हा आजार झाला तर उपयोग व्हावा म्हणून आधीचं थोडं सांगतो. बाबा गवंडी आहेत. देऊळगाव राजापासून आमचं गाव सात किलोमीटर आहे आणि त्या पट्ट्यातली निम्मी घरं त्यांच्या हातची. वर्षभर सकाळी त्यांचा चेहरा सुजलेला दिसायचा. आम्ही म्हणायचो, सिमेंटची धूळ. पाय सुजायचे. आम्ही म्हणायचो, दिवसभर उभं राहून. कंबर तर रोजच दुखायची, आणि त्यासाठी ते मेडिकलमधून न विचारता दुखण्याची गोळी आणायचे, रोज एक, कधी दोन, कितीतरी वर्षं. बीपी एकदाही मोजलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले की नेमकं एक कारण बोट ठेवून सांगता येणार नाही, पण न मोजलेलं बीपी आणि या गोळ्या, दोन्हींचा हात असणार. तुमच्या घरात कुणी अशा गोळ्या खात असेल तर एकदा बीपी मोजा आणि क्रिएटिनिन तपासा. साधी रक्ताची तपासणी आहे. आम्ही केली नाही, याचा मला अजून राग येतो.

डायलिसिस म्हणजे किडनीचं काम मशीनने करायचं. रक्त एका नळीने बाहेर जातं, गाळलं जातं, दुसऱ्या नळीने परत येतं. चार तास लागतात. बाबांना जालन्याच्या दवाखान्यात सरकारी योजनेत जागा मिळाली: मंगळवार आणि शनिवार, दुसरी पाळी, सकाळी दहा ते दोन. सुरुवातीला नळी मानेत होती. नंतर डाव्या हातात फिस्टुला केला. फिस्टुला म्हणजे छोटं ऑपरेशन करून शीर आणि धमनी जोडतात, म्हणजे शीर फुगते आणि दर वेळी सुई टोचायला सोपं जातं. त्यावर बोट ठेवलं की आत सतत थरथर जाणवते. ती जाणवली म्हणजे फिस्टुला चालू. बाबांनी माझं बोट तिथे धरलं आणि म्हणाले, "पाह्य, मोटर चालू हाये. लाइट जात नाई हिची."

पण त्या हाताने वजन उचलायचं नाही. गवंड्याच्या उजव्या हातात थापी असते आणि डाव्यात वीट. त्यांचा धंदा तिथेच संपला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. मी मात्र मनात एवढाच हिशेब करत होतो की बाबा बरे होईपर्यंत कसं करायचं.

मी पदवी झाल्यावर एम.एस्सी. करायचं ठरवलं होतं. आमच्या घरात बारावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे एम.एस्सी. म्हणजे नक्की काय, हे घरी मी नीट सांगू शकलो नव्हतो. बाबा गावात सांगायचे, "पोरगा मोठ्या कॉलेजात सर होणार हाये." निकाल लागला आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या यादीत माझं नाव आलं. तोवर डायलिसिसला सहा महिने झाले होते.

अडचण अशी, की प्रत्येक पेशंटसोबत चार तास एक नातेवाईक हवाच, असा नियम आहे. सही लागते, कधी औषध आणावं लागतं, कधी बीपी उतरतं. आई रोजाने शेतात जाते. तिची मजुरी बुडवून चालणारं नव्हतं, आणि रक्त पाहिलं की तिला चक्कर येते. एकदा ती आली होती, तेव्हा सिस्टरांना दोन पेशंट सांभाळावे लागले. म्हणून मंगळवार-शनिवार माझे.

आता वेटिंग हॉलबद्दल. तिथे माझ्या करिअरचा निर्णय प्रत्येकाने घेतला होता, मी सोडून. एक जण म्हणे पोलीस भरती मार. दुसरा म्हणे डी.फार्म कर, मेडिकल टाक, दवाखान्यासमोरच टाक. तिसऱ्याने तर त्याच्या साडूच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझी नोकरी पक्की करून टाकली, फक्त साडूला विचारायचं राहिलं होतं. मी मान हलवायचो. मला नाही म्हणता येत नाही.

त्यामुळेच आणखी एक गोष्ट माझ्या गळ्यात पडली. आमच्या पाळीला कमलकाकू त्यांच्या नवऱ्याला घेऊन यायच्या, सिंदखेड राजाकडून. त्या भाजी विकतात. नवऱ्याला खाटेवर झोपवलं की माझ्याकडे वळायच्या. "पोरा, जरा पाह्यजो काकाकडं. मी आलेच." त्यांचं 'आलेच' म्हणजे तीन तासांनी, रिकामी टोपली घेऊन. आणि रफीकभाई. देऊळगाव राजात त्यांचं पंक्चरचं दुकान. ते अम्मीला आणायचे. "भाई, पंधरा मिनटं. ट्यूबा घेऊन येतो." त्या पंधरा मिनिटांत जालन्याचं अख्खं मार्केट फिरून व्हायचं.

रजिस्टरमध्ये पेशंटच्या नावापुढे नातेवाइकाची सही आणि 'नाते' असा रकाना असतो. मी तीन ठिकाणी सही करायचो आणि तिन्हीकडे 'मुलगा' लिहायचो. इन्चार्ज सिस्टर एकदा म्हणाल्या, "काय रे, किती आईबाप आहेत तुला?" सगळे हसले. मीही हसलो. आतून मात्र चिडलो होतो. यांना कामं आहेत आणि मला नाहीत का? पुस्तक उघडलं की काकांना पाणी हवं असायचं. डायलिसिसच्या पेशंटला दिवसाला मोजकंच पाणी चालतं, म्हणून मी नाही म्हणायचो आणि काका मला शिव्या द्यायचे. आपल्या बापाच्या शिव्या खाणं एक वेळ ठीक आहे.

विद्यापीठात कागदपत्रं घेऊन हजर राहायची शेवटची तारीख मंगळवारी आली. तीन वाजेपर्यंत. जालन्याहून दीड-दोन तास धरले तरी बाराला निघणं भाग होतं. शनिवारी मी कमलकाकूंना म्हणालो, "काकू, मंगळवारी जरा लवकर या." का, ते सांगितलं नाही. सांगायला लाज वाटली. आपलं काम दुसऱ्याला कसं सांगायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मंगळवारी बारा वाजले. काकू नाहीत. रफीकभाई नाहीत. बाबा म्हणाले, "तू जाय. मले काय होते?" मी पिशवी खांद्याला लावली, आणि तेवढ्यात आतून आवाज आला, "खाट नंबर पाचचे नातेवाईक कोण?" अम्मीचं बीपी उतरलं होतं. डायलिसिसमध्ये अंगातलं पाणी काढतात, त्यात असं होतं. त्यांचे डोळे फिरले होते, हात गार पडले होते. सिस्टरांनी पाय वर केले, सलाईन सोडलं. मी त्यांचा हात धरून उभा राहिलो. अर्ध्या तासात त्या ठीक झाल्या आणि मला विचारलं, "बेटा, चाय पिया?"

मग मी तिघांना सोडून जाऊ शकलो नाही. विद्यापीठाच्या ऑफिसला फोन केला. "तीनला खिडकी बंद. नाही आलात तर जागा पुढच्या यादीला," एवढंच उत्तर आलं.

कमलकाकू सव्वादोनला आल्या. मागोमाग रफीकभाई, खांद्यावर ट्यूबांची माळ. मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसांवर ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. माझी सीट गेली, तुमच्यामुळे गेली, मी काय तुमचा नोकर आहे का, असं बरंच.

काकूंनी टोपली खाली ठेवली. "आरं, मंग सांगायचं ना! लवकर या म्हनला, मी म्हनलं तुले भूक लागत आसन. सहा महिने झाले, तू येकदा तरी तोंड उघडलं का?"

"खरं हाये," रफीकभाई म्हणाले. "तू रोज किताब घेऊन बसतो. आम्हाला वाटलं, इथं तुझा अभ्यास चांगला होते."

मला आणखीच चीड आली, कारण ते खोटं बोलत नव्हते.

बाबा मशीनवरून उठून हळूहळू बाहेर आले होते. हातावर पट्टी, तिच्यावर दुसऱ्या हाताचा अंगठा दाबलेला. ते म्हणाले, "पेशंट मी हाओ. तू काऊन भरती झाला बे?"

त्याच दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, बाबा बरे व्हायला किती दिवस लागतील. सहा महिन्यांत हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. ते खुर्चीत सरळ बसले. "हे कुणी सांगितलं नाही का तुम्हाला? त्यांच्या किडन्या परत सुरू होणार नाहीत. ट्रान्सप्लांट होईपर्यंत, म्हणजे दुसऱ्याची किडनी बसेपर्यंत, डायलिसिस चालणार. कदाचित कितीतरी वर्षं. 'हे संपलं की मग माझं' असं ठरवू नका. आठवडा धरून ठरवा. या वर्षी काय जमतं ते करा, पुढच्या वर्षी पुन्हा बघा."

सुरुवातीलाही त्यांनी हे सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल. तुम्ही ऐका, आणि नाही कळलं तर पुन्हा विचारा. विचारायला लाजू नका, एवढं सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसलो.

जालन्यातल्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या थोड्या जागा शिल्लक होत्या. विद्यापीठाची प्रयोगशाळा मला हवी होती, ती गेली, आणि अजून कुणी तिचं नाव काढलं की मी विषय बदलतो. पण जालना आठवड्यात बसत होतं. शनिवारी सुट्टी. मंगळवारी मात्र अकरा ते पाच प्रॅक्टिकल. मी कमलकाकूंजवळ गेलो. वाक्य मनात चार वेळा म्हणून पाहिलं होतं.

"काकू, मंगळवारी मला कॉलेज आहे. बाबांजवळ तुम्ही बसाल का?"

"बसीन की. मंगळवारी टोपली सुनंकडं देते. शनिवारी बाजार मोठा आसतो, शनिवार तुहा." मग रफीकभाईंकडे बघून म्हणाल्या, "आन तुमी, पंधरा मिनटंवाले! येक मंगळवार माहा, येक तुमचा. ट्यूबा बुधवारी आना."

इन्चार्ज सिस्टरांना मान्य होईल असं वाटत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला सही पाहिजे आणि माणूस पाहिजे. जागचा हलणारा नको. बाकी नात्याचं मी रक्त तपासत नाही."

आता दुसरं सेमिस्टर चालू आहे. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. काकू उशिरा येतात. रफीकभाई फोनवर गिऱ्हाइकांशी भांडतात आणि सिस्टर त्यांना बाहेर काढतात. बाबा चोरून पाणी पितात आणि वजनकाट्यावर सापडतात. दोन मंगळवारांना मला प्रॅक्टिकल सोडून पळावं लागलं. बाबा आता इतरांच्या बांधकामावर खुर्ची टाकून बसतात आणि भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, आहे की नाही ते सांगतात. नव्या मिस्त्र्यांना ते फार आवडत नाही. ट्रान्सप्लांटच्या यादीसाठी नाव नोंदवलं आहे. पुढच्या वर्षी काय, ते मी पुढच्या वर्षी ठरवीन.

मागच्या शनिवारी मी तिघांसाठी सह्या करत होतो. सहज मागचं पान उलटलं. मंगळवारची नोंद होती. बाबांच्या नावापुढे रफीकभाईंची वळणदार सही आणि नाते: 'भाऊ'. त्याच्या आधीच्या मंगळवारी कमलकाकूंचं एकेक अक्षर जोडून लिहिलेलं नाव आणि नाते: 'बहीण'.

सिस्टर म्हणाल्या, "काय बघतोस? सही कर पटकन."

मी तिन्हीकडे 'मुलगा' लिहिलं आणि आत जाऊन काकांना सांगितलं की पाणी मिळणार नाही.