समुद्रावर नेलेलं कुत्रं

बाचे गुडघे गेले तशी आम्ही मेंढरं विकली. कुत्रं तेवढं राहिलं. ते रोज उठून कळप हुडकत वारंगा फाट्यावर जायचं, ट्रकांच्या मधून फिरायचं. दोनदा थोडक्यात वाचलं.

"हे मरंल एखाद्या दिवशी," बा म्हणाला. "तू तिकडं समुद्राला निघालास न्हवं? मंग घेऊन जा संगं. आठ दिवसांत इसरंल. पर जपून आण बरं माघारी."

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो आणि गोष्टी लिहायचो. बाच्या मते ते रिकामटेकडे धंदे. कोकणातल्या एका लेखकाच्या पुस्तकानं मला येड लावलं होतं. तो ज्या काळ्या खडकावर बसून लिहायचा, तो खडक मला बघायचा होता. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी भर पावसाळ्यात रजा टाकली. त्या दिवसांत तिकडं चिटपाखरू जात नाही, म्हणून तर कुत्र्यासकट खोली मिळाली.

दोस्ताच्या जीपमध्ये कुत्रं वाटभर ओकत गेलं. पोटात पाण्याचा थेंब ठरला नाही. सकाळी आम्हाला सोडून दोस्त पुढं गेला आणि मी, मोठा शहाणा, खोलीवर न थांबता त्याला घेऊन तडक समुद्रावर गेलो.

अबब! एवढं पाणी! जन्मात पहिल्यांदा बघत होतो. कुत्रं लाटेच्या कडेला बसलं आणि माझ्या तोंडाकडं बघू लागलं. आमच्यात अशी रीत आहे की मेंढरांचं पिऊन झाल्याशिवाय कुत्रं पाण्याला तोंड लावत नाही. सगळ्यांचं झालं की धनी शीळ घालतो, बारीक, लांबलचक, मग ते पितं. बानं त्याला पिल्लू असल्यापासून तसंच वळण लावलं होतं.

समुद्राचं पाणी खारट असतं हे मी पोरांना शिकवत होतो, बरं का! पण समोर पाणी आणि तहानलेलं जनावर दिसलं की आमचे ओठ आपोआप वळतात. मी शीळ घातली, आणि पुस्तक उघडून खडक शोधत निघालो. मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

खडक सापडला. त्यावर बसून मी चार ओळीही लिहिल्या. आग लागो त्या ओळींना! परत आलो तर कुत्रं पाण्यात उभं राहून पितच होतं. ओकायचं, परत प्यायचं.

दुपारपर्यंत त्याचे पाय लटपटायला लागले. घरमालकीणबाई धावत आल्या. "अहो मास्तर, खारं पाणी पाजलंत की काय याला?" मी मान खाली घातली. त्यांनी चमच्याचमच्यानं गोडं पाणी पाजलं. गुरांच्या डॉक्टरला निरोप धाडला, पण वाटेतल्या पुलावरून पाणी चाललं होतं, तो येऊ शकला नाही. दुसऱ्या दिवशी कुत्र्याला झटके आले, आणि माझ्या मांडीवरच ते गेलं. बाईंनी परसात जागा दिली. मी हमसून हमसून रडलो.

एस.टी.त दोन दिवस मी खोटं जुळवत होतो. गाडीखाली गेलं म्हणावं. साप चावला म्हणावं. गोष्टी लिहिणाऱ्याला काय कमी! पण बा ओट्यावर बसला होता. त्यानं माझ्यामागं कुत्रं दिसतंय का बघितलं, आणि माझ्या तोंडून सगळं खरंच निघालं.

 बानं शिव्या द्याव्या, काठी उगारावी, असं मला वाटत होतं. पण त्यानं एवढंच विचारलं, "शीळ तू घातली व्हतीस?"

"व्हय."

"मंग त्यानं बराबर केलं," बा म्हणाला, आणि भिंतीला हात टेकत उठून आत गेला.