नैऋत्येचा खड्डा

धाकट्या भावाच्या घरात लिफ्ट नाही. लिफ्टसाठी ठेवलेली जागाही आता नाही. ती कुणामुळे गेली हे सांगणं म्हणजे स्वतःच्याच तोंडात मारून घेणं आहे, पण सांगतो.

मी निवृत्त मास्तर. कळंबला माझं एकमजली घर आहे, शेजारी पत्र्याचं शेड आणि शेडात माझी जुनी स्कूटर. वडील गेल्यापासून, म्हणजे वीस वर्षं, आई माझ्याकडे. तिच्या गुडघ्यांना तेल, डोळ्यांत थेंब, रेडिओचे सेल, सगळं माझ्या हातानं. भाऊ पाटबंधारे खात्यात, त्यामुळे आयुष्यभर बदल्या. सुट्टीत यायचा, आईच्या मांडीवर डोकं टाकून झोपायचा, आणि आई त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणायची, "वाळलं गं माझं लेकरू." लेकरू दर खेपेला दोन किलोनं वाढलेलं असायचं. मी समोर बसून वर्तमानपत्र वाचल्यासारखं करायचो.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली तेव्हा त्यानं नेमका माझ्या शेडाला लागून असलेला प्लॉट घेतला. प्लॉट अरुंद, म्हणून खाली गाडी, वर घर आणि त्याच्यावर आणखी एक मजला. इंजिनियरनं आराखडा माझ्याच पलंगावर पसरला आणि पेन्सिलीनं एका कोपऱ्यात चौकोन काढला.

"ही लिफ्टची जागा. प्रत्येक मजल्यावर एकावर एक, पाच बाय पाच. तळाला कमरेइतका खड्डा. लिफ्ट आत्ता घ्यायची गरज नाही. तोवर फळ्या टाकून कपाटं करा. पुढं फळ्या काढल्या की लिफ्ट बसते. नंतर सुचलं तर स्लॅब फोडता येत नाही, बीम जातो. मग बाहेरून लावायची, आणि बाहेर जागा शेजाऱ्याची. त्याच्या पाया पडावं लागतं."

सगळे हसले. शेजारी मीच होतो.

"आईसाठी करायलोय," भाऊ म्हणाला. "तिला जिना जमायचा न्हाय."

आईनं त्या पेन्सिलीच्या चौकोनावर बोट ठेवलं. तिनं विचारलं, "वरून मांजरा नदीकडचं रान दिसंल का रं?"

"दिसंल की."

"मंग मी येते तुझ्याकडं ऱ्हायाला. जल्मभर जिथं वाकून खुरपलं, ते रान एकदा वरून बघायचंय."

'मंग मी येते.' इतकं सहज. वीस वर्षांत मी तिला बाजार दाखवला, दवाखाने दाखवले, पण रान वरून दाखवायचं मला सुचलं नव्हतं, आणि दाखवायला माझ्याकडे 'वर' नव्हतंच. मला भावाचा हेवा वाटला. थोडाथोडका नाही.

पुढं खड्डा खणला आणि तो भावकीत गाजला. येणारा-जाणारा वाकून बघायचा. "आईसाठी लिफ्टची सोय! लेक असावा तर असा." एका मावशीनं तर हे मलाच ऐकवलं, मी आईच्या तेलाची बाटली हातात घेऊन उभा असताना. लिफ्ट कुठं होती? नुसता खड्डा होता. माझ्या वीस वर्षांचं कुणी नाव काढलं नाही आणि ह्याच्या खड्ड्याची वाहवा. बायको म्हणाली, "अवो, माणसं बंगल्यावर जळतेत, तुम्ही खड्ड्यावर जळायलात." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्या घरात वास्तू, मुहूर्त, दिशा यातलं काही नाही. धर्मांतर झालं तेव्हा आई परकर नेसणारी पोर होती. आजोबांनी देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले, तेव्हा देवांचं टोपलं तिच्या डोक्यावर होतं. ही गोष्ट सांगताना ती अजून ताठ बसते. मी तर वर्गात वास्तूवाल्यांची नक्कल करून पोरांना हसवायचो. भावाला पाया खणतानाही मीच म्हणालो होतो, "मुहूर्त कसला बघतोस, सिमेंट आलं की मुहूर्त."

आणि स्लॅबच्या आठ दिवस आधी, चहाच्या टपरीवर, मी मिस्त्रीला विचारलं, "ती लिफ्टची बाजू कुठली हो? नैऋत्य का?"

मिस्त्रीनं मान डोलावली.

"नैऋत्येला खड्डा घरच्या कर्त्या माणसाला बाधतो म्हणतेत. आम्ही न्हाय मानत. लोक म्हणतेत."

मिस्त्री मानणारा होता. त्याचा कप बशीवर तसाच राहिला. मी दोघांच्या चहाचे पैसे दिले आणि घरी येऊन आईच्या गुडघ्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ तेल चोळलं.

तिसऱ्या दिवशी खड्डा मुरुमानं भरलेला दिसला. स्लॅबही लिफ्टची जागा न सोडता सलग टाकला. "खड्ड्यात पाणी लागायलंय," भाऊ सगळ्यांना सांगत होता, आणि मला सांगताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी मनात म्हणालो, भ्याला. एवढा शिकलेला, पण भ्याला. मला बरं वाटलं. आई माझीच राहिली होती.

गृहप्रवेशाला त्रिशरण-पंचशील झालं, खिरीची पंगत झाली. आईला वर न्यायला पुतणे पुढं झाले. तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. मी मागून खुर्चीला हात लावून चालत होतो. जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली. एक जण म्हणाला तिरकी करा, दुसरा म्हणाला मागं घ्या. आईचा पदर कठड्यात गुंतला, लुगडं वर सरकलं आणि ती दोन्ही हातांनी पाय झाकायला लागली. खाली पाहुणे माना वर करून बघत होते.

"बास," ती म्हणाली. "खाली न्या मला. लई झालं."

पहिला मजलासुद्धा तिनं पाहिला नाही. रान तर त्याच्याही वरच्या मजल्यावरून दिसायचं.

नंतर ती त्या घराचं नाव काढेना. संध्याकाळी भाऊ खाली यायचा, माझ्या ओट्यावर तिच्याजवळ बसायचा. तो उठून गेला की ती त्याच्या वरच्या खिडकीकडे बघत राहायची. मी तेल घेऊन बसलो की म्हणायची, "ऱ्हाऊ दे आज." जिच्यासाठी एवढं केलं ती माझ्याच घरात होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

एका रविवारी मी भावाचा जिना वरच्या मजल्यापर्यंत चढलो. आता माझाही गुडघा बोलतो, दोनदा थांबलो. तो एकटाच होता. मी म्हणालो, "खड्ड्याचं एक सांगायचंय."

"मला माहीत हाय, दादा. मिस्त्रीनं त्याच दिवशी सांगितलं."

मला बसायला खुर्ची सापडेना. "मग बुजवलास कशाला? तू मानतोस का हे?"

"न्हाय. तुम्ही बी मानत न्हाय, म्हणून तर बुजवला. जल्मभर वास्तूला हसलेला माणूस मिस्त्रीला नैऋत्य सांगतो, म्हंजे त्याला किती लागलं असंल! वाटलं, तुम्हाला आई सोडवत न्हाय. ओढाओढी कशाला करायची?"

तो चहा टाकायला उठला. मी खिडकीत गेलो. मांजरेकडचं सगळं रान समोर होतं, पार झाडांच्या रांगेपर्यंत. खरं सांगतो, त्या क्षणीही मला त्याचा हेवाच वाटला. घराचा नाही. हे असं माझ्या मनात कधीच का येत नाही, याचा.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं, टपरीवरच्या चहासकट. ती एवढंच म्हणाली, "टोपलं माझ्या डोक्यावर व्हतं रं. आन् तू ते उचलून परत घरात आणलंस."

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर भंगारात दिली आणि शेडाचे पत्रे उतरवले. इंजिनियरला बोलावलं. तो म्हणाला, भिंतीला लागून बाहेरून लिफ्ट उभी राहते, फक्त जागा तुमची जाते. म्हटलं, जाऊ द्या. भावकीत आता काय बोलणार तेही मला ठाऊक होतं: धाकट्यानं आईसाठी शेवटी लिफ्ट लावलीच. शेड कुणाचं होतं ते कोण विचारतो.

मी चुन्याची फक्की घेऊन जमिनीवर चौकोन आखायला बसलो. आई ओट्यावरून बघत होती. मला उठताना गुडघ्याला हात लावावा लागला, तेव्हा ती म्हणाली, "जरा मोठी आख. दोन माणसं मावली पायजेत."

"दुसरं कोण?"

"तू. गुडघे माझ्यावरच गेलेत तुझे."