बाबांनी बकरी घेतली तेव्हा

कारखान्याची पहिली भट्टी पेटली तेव्हा आमच्या ओळीतल्या सगळ्या क्वार्टरांत मिठाई वाटली गेली, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत आमच्या घरचं दूध अर्ध्यावर आलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

बाबा रिगर होते. लोखंडी तुळयांना तारेचा दोर बांधायचा आणि खालून हातांनी खुणा करकरून क्रेनवाल्याकडून त्या वर चढवून घ्यायच्या, असं त्यांचं काम. कारखाना उभा होत होता तोवर तुळयांना तोटा नव्हता आणि ओव्हरटाइमलाही. पहिल्या टप्प्याची उभारणी उरकली आणि ओव्हरटाइम थांबला. नुसता पगार उरला. बाबा उजेडात घरी यायला लागले. आईला त्याचा पहिले दोन-तीन दिवस आनंद झाला.

मग तिने काटकसर सुरू केली. साखरेच्या डब्यातला चमचा काढून तिथे मिठाचा चमचा ठेवला. साबणाची वडी ती दोऱ्याने कापायची. न्हाणीत आधी आत्या जायची, मग मी, मग आई, आणि बाबांच्या हाती ती वडी पडे तेव्हा तिचा नुसता वास उरलेला असे. बाबांनी दाढी एक दिवसाआड करायची ठरली. मिशी राहील, असं मात्र त्यांनी आधीच बजावून ठेवलं. मिशी हा त्यांच्या अंगावरचा सर्वांत देखणा भाग होता आणि तिला खर्चही नव्हता.

हे सगळं घराने मुकाट्याने सोसलं. भांडण पेटलं ते दुधावरून, कारण तिथे प्रश्न आत्याचा होता.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचे यजमान रेल्वेत गार्ड. आज डोंगरगड, उद्या गोंदिया, घरी कधी येतील त्यांनाच ठाऊक नसे. त्यामुळे 'कारखाना पाह्यते आन जाते' म्हणून आलेली आत्या आमच्याकडेच राहिली. तिला दिवसभर चहा लागायचा, आणि तो दाट, सायीचा तवंग दिसणारा. आईने रोज दूध घालणाऱ्या राऊताला अर्धंच दूध मागितलं, त्या दिवशी आत्याने कप हातात घेऊन आत बराच वेळ पाहिलं.

"काय पाह्यता, बाई?" आईने विचारलं.

"दूध शोधून राहिली."

बाबांना दोघींच्या मधे बसायची वेळ आली की ते नेहमी बाहेर जात. त्या रविवारीही ते सायकल घेऊन बाहेर गेले आणि परतले ते पायी. एका हातात सायकल, दुसऱ्या हातात दोरी आणि दोरीच्या टोकाला काळीपांढरी बकरी. कोहका तेव्हा खेडंच होतं. तिथल्या एका म्हातारीकडून त्यांनी ती आणली होती. सुपेल्याच्या बाजारातून येताना बकरीने एका भाजीवालीच्या टोपलीत तोंड घातलं, म्हणून आख्खी टोपली विकत घ्यावी लागली. उरलेली लाल भाजी आम्ही दोन दिवस खाल्ली. बकरीने आधीच खाल्ली होती ती कोवळी होती, असं आई म्हणाली.

"आता दूध घरचं," बाबा म्हणाले. "राऊताले सांग, उद्यापासून नोको."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई धार काढायला बसली. आई शेतकऱ्याच्या घरची, गाईम्हशींत वाढलेली. पण आदल्या संध्याकाळीच बकरीने दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या शाळेच्या फ्रॉकची एक बाही खाल्ली होती, आणि आईने तिला केरसुणीने बडवली होती. बकरी ते विसरली नव्हती. आईचा हात लागताच तिने भांडं असं उडवलं की ते मेंदीच्या कुंपणापलीकडे गेलं.

मग आत्याला विचारलं. "गाय असती तं काढलं असतं," ती म्हणाली. "बकरीखाली मी बसत नाही."

मग बाबा बसले. बकरीही बसली.

तीन दिवस हेच चाललं. बकरी आमचं सगळं खात होती आणि दूध मात्र देत नव्हती. चौथ्या दिवशी बाबा पुन्हा कोहक्याला गेले आणि फार गंभीर चेहऱ्याने परत आले.

"काय म्हणे म्हातारी?" आईने विचारलं.

"म्हणते, मोर लुगरा ला चिन्हथे."

म्हणजे बकरी माझं लुगडं ओळखते. म्हातारीकडे एकच लुगडं होतं, लाल, आणि बकरीने जन्मापासून तेच पाहिलेलं. लाल लुगडं नेसून बसायचं, डोक्यावरून पदर घ्यायचा आणि मायेने म्हणायचं, 'आ ओ नोनी, आ.' नोनी म्हणजे छत्तीसगढीत पोर.

आईकडे लाल लुगडं होतं. ते नेसून ती बसली. बकरीने लुगड्याकडे पाहिलं, मग वर तोंडाकडे पाहिलं, आणि भांडं पुन्हा कुंपणापलीकडे गेलं. केरसुणीचा हिशेब लुगड्याने मिटणारा नव्हता. आत्या तर पाटावरून हललीच नाही. उरलं कोण?

"नाही," बाबा म्हणाले.

"मंग काळा चहा प्या सगळे," आई म्हणाली.

"मले काळा चहा नाही चालत," आत्या म्हणाली.

आईने बाबांना लुगडं नेसवलं ते दार लावून. कासोटा घालताना बाबा छताकडे पाहत उभे होते, दवाखान्यात सुई टोचून घेताना माणूस पाहतो तसे. आत्या तोंडात पदर कोंबून भिंतीकडे वळली होती. पदर पुढे ओढल्यावर मिशी झाकली गेली आणि बाबा पुढच्या अंगणात जाऊन बसले. बारीक आवाजात म्हणाले, "आ ओ नोनी, आ."

बकरी आली. उभी राहिली. भांड्यात धार वाजली.

"कोणाले एक अक्षर सांगाल तं याद राखा," बाबांनी आत आल्यावर आम्हा सगळ्यांना दम दिला. लुगड्यात असल्यामुळे तो दम नीट बसला नाही.

त्यानंतर रोज पहाटे ओळीतले लोक उठायच्या आत बाबा लुगडं नेसून धार काढायचे. चहाला बकरीचा वास यायचा. आत्या त्यात आलं घालायची, मग आणखी आलं, मग नाक धरून प्यायची. पण दूध घरचं होतं आणि राऊताचा खर्च वाचत होता, म्हणून आई खूश होती.

एकदा बाबांना उठायला उशीर झाला. ते धारेला बसले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. मी खिडकीत दात घासत होते. कुंपणाशी सायकलची घंटी वाजली. बाबांचे फोरमनसाहेब! उत्तर प्रदेशाकडचे, उंच, फार अदबीने बोलणारे.

"नमस्ते, भाभीजी," ते लाल लुगड्याच्या पाठीला म्हणाले. "घर में हैं?"

बाबांनी पदराखालून 'नाही' अशी मान हलवली.

"अच्छा, निकल गए. तो कह दीजिएगा, नए शेड का काम खुल रहा है. ओव्हरटाइम रहेगा. मैं सोच रहा हूँ, उनका नाम दूँ कि ना दूँ."

बाबांचे हात थांबले.

"आदमी काम के हैं, भाभीजी, मगर बहस बहुत करते हैं. गर्डर कहाँ से बाँधना है, ये मुझे सिखाते हैं. मुझे! आप ज़रा समझाइए उन्हें."

बाबांचे कान पदरातूनही लाल दिसायला लागले. ते धार इतक्या जोरात ओढायला लागले की बकरी ओरडली. तिचं ओरडणं ऐकून आई पळत बाहेर आली आणि फोरमनसाहेबांना पाहून तिने घाईघाईने पदर घेतला.

"नमस्ते, साहब. बैठो ना."

फोरमनसाहेबांनी आईकडे पाहिलं. मग लाल लुगड्याकडे पाहिलं. मग पुन्हा आईकडे. "आप भाभीजी हैं? तो... ये?"

आईचं हिंदी तेव्हा बाजारापुरतं होतं. ती गडबडली. "ये... ये भी घर का ही है."

"अच्छा," फोरमनसाहेब म्हणाले. "अच्छा, अच्छा." आणि सायकलवर बसून ते इतक्या लगबगीने गेले की घंटी वाजवायचंही विसरले.

त्या दिवशी बाबा संध्याकाळी घरी आले ते ओव्हरटाइम मिळाल्याची बातमी घेऊन. आईने गूळ वाटला. मग तिला शंका आली.

"पण तुम्हीच सकाळी सांगतलं ना, थे म्हणत होते, नाव देऊ का नोको देऊ. मग कावून देलं?"

बाबा बूट काढायला लागले. बूट काढायला त्यांना कधी इतका वेळ लागला नव्हता.

"बाजूले घेतलं मले. खांद्यावर हात ठेवला. म्हणे, पहले क्यों नहीं बताया, दो-दो बीवियाँ पालना कोई खेल है क्या."

बाहेर बकरी कुंपणाची मेंदी खात होती.

"मंग तुम्ही सांगतलं नाही, का थो मीच होतो म्हणून?"

"सांगू कसा? लुगड्याचं सांगू?"

"वा, अजी!" आई म्हणाली. "म्हणजे मले सवत चालते, तुमाले लुगडं नाही चालत!"

पुढचे दिवस वाईट गेले. बातमी शेडमधून क्वार्टरांत आली. नळावर बायका आईसाठी बादली भरून ठेवायला लागल्या. शेजारची बंगाली काकू तिला माशांचं कालवण देऊन डोळे पुसून गेली. आई ते सगळं घेत होती आणि घरी येऊन बाबांशी बोलत नव्हती. आमचा खर्च एवढा कमी आधी कधी झाला नव्हता.

मग एका रविवारी संध्याकाळी फोरमनसाहेब सपत्नीक आले. त्यांच्या बायकोच्या हातात लाडूंचा डबा आणि दोन सारखे खण. बाबा आतल्या खोलीत सटकले. आई पाणी आणायला गेली, तेवढ्यात फोरमनच्या बाईंना खाटेवर बसलेली आत्या दिसली. त्यांनी आत्याच्या हातात खण ठेवला आणि फार मायेने विचारलं, "छोटी वाली आप हैं?"

आत्याला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा ती खाटेवर उभीच राहिली.

"मी? याची बायको? अवो बाई, म्या याले न्हाऊ-माखू घातलं हाय! मैं बहन है उसकी! मेरा आदमी गार्ड है!"

"तो वो लाल साड़ी वाली?" फोरमनसाहेबांनी विचारलं.

"बुलाती मैं," आई दारातून म्हणाली आणि आत गेली. आतून तिचा आवाज ऐकू आला. एकच शब्द. "नेसा."

बाबांचं 'नाही' ऐकू आलं, मग पुन्हा 'नाही' ऐकू आलं. पण संध्याकाळच्या धारेची वेळ झाली होती, आणि बकरीने अंगणात असं काही ओरडायला सुरुवात केली की बंगाली काकूसुद्धा बाहेर आली. शेवटी दार उघडलं. लाल लुगडं बाहेर आलं. या वेळी पदर डोक्यावर नव्हता. मिशी उघडी होती. बाबा कोणाकडेही न पाहता बकरीपाशी जाऊन बसले आणि म्हणाले, "आ ओ नोनी, आ."

फोरमनसाहेब हसले नाहीत. म्हणजे आधी नाही. आधी ते नुसते पाहत राहिले. मग त्यांनी कुंपण धरलं. मग ते खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यांच्या बाई पदराने त्यांना वारा घालत होत्या आणि स्वतःच हसून लोळत होत्या. थोडा श्वास आल्यावर फोरमनसाहेबांना एकदम काहीतरी आठवलं.

"मतलब उस दिन मैंने जो कहा, सब आपने सुना?"

"सुना," बाबा धार न थांबवता म्हणाले. "और साहब, वो गर्डर की बात में मैं ही सही था."

"कैसे सही थे? बीच से बाँधते तो झूल जाता!"

"कहाँ झूल जाता?" बाबा उठले. भांडं माझ्या हातात आलं. मग लाल लुगड्यातले बाबा अंगणाच्या मध्यात उभे राहून दोन्ही हातांनी क्रेनवाल्याला करतात तशा खुणा करत गर्डर वर चढवायला लागले, आणि फोरमनसाहेब समोर उभे राहून तो खाली आणायला लागले. अंधार पडेपर्यंत ते चाललं. लाडू आम्ही खाल्ले.

ओव्हरटाइमच्या यादीतलं नाव फोरमनसाहेबांनी कापलं नाही. "ऊपर भेज चुका हूँ, अब कौन काटे," असं जाताना म्हणाले. दोन्ही खण त्यांच्या बाईंनी परत घेतले नाहीत. एक आईने ठेवला, आणि दुसरा आत्याने, पण 'बहिणीचा म्हणून' असं सगळ्यांकडून वदवून घेऊन.

ओव्हरटाइम सुरू झाला तसा राऊतही परत आला. बकरीचं दूध आता कोणाला नको होतं आणि ती खात मात्र होती, म्हणून एका रविवारी बाबा, आई आणि मी तिला कोहक्याला म्हातारीकडे पोचवून आलो. म्हातारीला पाहताच बकरी दोरी ओढत धावली आणि तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. परतीच्या वाटेवर बाबा मात्र सारखे मागे वळून पाहत होते.

"काय झालं तुमाले?" आईने विचारलं.

"काही नाही. पहाटे उठाची सवय लागली. आता उठून काय करू?"

दुसऱ्या दिवसापासून आईने त्यांना नळावर पाणी भरायला लावलं.