मैना एकाच गाडीमागं पळते

कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर बायडाबाईची म्हैस कुठली, हे कुणाला विचारावं लागत नाही. बाकीच्या म्हशींच्या शिंगांवर दिवाळीतला रंग महिनोन्‌महिने टिकून असतो. हिच्या मैनेची शिंगं नुसती तेल लावलेली, काळीभोर. नवरा गेल्यापासून बायडाबाई रोज संध्याकाळी तिला कट्ट्यावर आणते, गिऱ्हाइकासमोर धार काढते आणि पेला हातात देते. बोलणं सडेतोड. "फेस नको आसंल तर पिशवीतलं प्या जावा," असं ती भल्याभल्यांना सुनावते.

शिंगांना रंग का नाही, त्याचं कारण फुटबॉल. इथं पेठेपेठेतल्या तालमींचे फुटबॉल संघ असतात. काही वर्षांमागं एका सामन्यात दोन तालमींच्या पोरांची जुंपली. कोल्हापुरात एकटी तालीम नसतेच. हिची तिच्याशी दोस्ती, तिचं आणखी कुणाशी पिढीजात वैर. मैदानावर दोघांनी एकमेकांची गचांडी धरली आणि अंधार पडेपर्यंत निम्म्या पेठा रस्त्यावर आल्या. भांडण कशावरून, हे त्यातल्या बहुतेकांना सांगता आलं नसतं. धावत आलेल्या एका घोळक्यानं मैनेची शिंगं पाहिली. रंग नेमका समोरच्या तालमीच्या झेंड्याचा. झालं! बायडाबाईच्या दुधाच्या किटल्या गटारात गेल्या. "आरं, माझ्या म्हशीनं तुमचं काय घोडं मारलंय?" ती ओरडली, पण ऐकतो कोण! तेव्हापासून शिंगांना रंग बंद. कुठल्याच तालमीचा नाही, असा रंग तिला अजून मिळालेला नाही.

तिचा एकुलता एक मुलगा अमरसिंह मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत काम करतो. तो घरी असला की दिवाळीच्या पाडव्याला गल्लीत त्याचीच हवा. त्या दिवशी सजवलेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलमागं पळतात. गाड्यांचे सायलेन्सर काढलेले असतात, कानठळ्या बसतात आणि लोक दुतर्फा उभे राहून शिट्ट्या मारतात. मैनेला अमरसिंहानं रेडकू असल्यापासून वाढवलेलं. दुसऱ्या कुणाची गाडी कितीही बोंबलू दे, ती ढिम्म हलत नाही. त्याची गाडी सुरू झाली की मात्र दावं तुटायची वेळ येते.

म्हणून तो जहाजावर गेला की गाडीवर गोणपाट पडतं, आणि चावी बायडाबाईच्या कमरेला. एकदा शेजारच्या आकारामनं बॅटरी उतरू नये म्हणून गाडी चालू केली होती. मैना धावत आली, गाडीभोवती फिरली, आणि मग रस्त्याकडं तोंड करून जी उभी राहिली ती हलेना. वैरणीला तोंड लावलं नाही, पान्हाही चोरला. मुक्या जनावराला असं फसवायचं नाही, हे बायडाबाईनं तेव्हाच ठरवून टाकलं.

यंदा मैनेचे गुडघे सुजायला लागले होते. तिचं पळणं या पाडव्यापुरतंच, हे मायलेकांना कळत होतं. "कायबी होऊ दे, पाडव्याला घरात आसतोय," असा अमरसिंहानं शब्द दिला होता. बायडाबाईनं त्याच्यासाठी नवी चादरसुद्धा आणून ठेवली.

दसरा झाला आणि त्याचा फोन आला. "आई, जहाज वळवलंय. तांबड्या समुद्रातनं न्हाय, आफ्रिकेला वळसा घालून येणार."

"मग पाडव्याला?"

"न्हाय गं जमत."

त्या संध्याकाळी आकाराम दूध प्यायला आला. तो एसटीचा निवृत्त ड्रायव्हर, रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा. बायडाबाईनं त्यालाच धरलं. "भावजी, माझ्या पोराचं कुणाशी भांडान हाय?"

"त्येचं कुणाशी आसतंय? लढाई तिकडं गाझात. येमेनातल्या एका गटानं एका बाजूची कड घेतली न् समुद्रात जहाजांवर अग्निबाण सोडायला लागला. ह्येच्या पाठीशी इराण, त्येच्या पाठीशी अमेरिका. आता सगळीच उतरल्यात."

"पर अमरचं जहाज कुणाच्यातलं?"

"कुणाच्यातलंच न्हाय. मालकाचं दुसरं एक जहाज कवातरी इस्राईलच्या बंदराला लागलंतं म्हणं. तेवढ्यावरनं हे बी त्यांच्यातलंच ठरलं."

बायडाबाईचा धार काढणारा हात थांबला. "म्हंजे शिंगांचा रंगच की," ती म्हणाली.

आकारामला गटारातल्या किटल्या आठवल्या. देश मोठे, तोफा मोठ्या, मोठमोठी माणसं टेबलाभोवती बसतात. अक्कल मात्र आपल्या पेठेतल्या पोरांएवढीच.

पाडवा आला. बायडाबाईनं मैनेला न्हाऊ घातलं, तेल लावलं, गळ्यात घुंगरांचा पट्टा आणि कपाळावर मोरपीस बांधलं. गल्लीतून एकेक गाडी फटफटत जायची, मैना कान टवकारायची आणि पुन्हा पाडायची. ते बघून बायडाबाईला लेकाची अशी आठवण आली की हातातला करंजीचा तुकडा तिनं तसाच ताटात ठेवला.

दुपारी फोन वाजला. चित्र येत नव्हतं, नुसता आवाज.

"मैना कुठाय?"

"दारात हाय की. नटवलीया."

"आई, गाडी चालू कर. एकदाच. तिचं पळत येणं ऐकायचंय मला."

"न्हाय रं बाळा. ती फसती."

पलीकडं इंजिनाची घरघर ऐकू येत राहिली. "पुढच्या पाडव्याला ती..." अमरसिंह एवढंच बोलला.

बायडाबाईनं मैनेचं दावं सोडलं, गोणपाट ओढून काढलं आणि किक मारली. गाडी चटकन सुरू होईना, शेवटी धडधडली. मैना सुजलेल्या गुडघ्यांनी, घुंगरं वाजवत, पळतच आली. सीटवर मान टाकून ती जोरात रेकली.

"आली गं! आली माझी मैना!" अमरसिंह तिकडून ओरडला. मग त्यानं नेहमीसारखी तिला हाळी दिली. मैनेनं बायडाबाईच्या हातातला फोन हुंगला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली.

"आता काय करती?" त्यानं विचारलं.

"सीट चाटतीया तुझी," बायडाबाई म्हणाली.

तो हसला. खूप दिवसांनी हसला. मग लाइन तुटली.

बराच वेळ गाडी धडधडत होती. बायडाबाई मैनेच्या पाठीवर हात ठेवून गल्लीच्या टोकाकडं बघत उभी होती. आकाराम दारात आला. "वैनी, पेट्रोल जळतंय. बंद करा की गाडी."

"ऱ्हाऊ द्या भावजी," ती म्हणाली. "चालू हाय तवर आमास्नी वाटतंय, त्यो हितंच हाय."