मान खाली घातलेलं फूल

माझी मैत्रीण कमल गेली, हा निरोप घेऊन तिची लेक मंगल स्वतःच माझ्या दारात आली. "मावशी, आई गेली," एवढंच बोलली आणि ओट्यावर बसून राहिली. आता दीड महिना होत आला, पण कमलबद्दल लिहायला घेतलं की मला मंगलच्या लग्नाचा मांडवच दिसतो...

कमलच्या सासरी भोसल्यांच्या काळातला एक रेशमी शेला होता. घरच्या लग्नात तोच अंतरपाट. काठावरची न तुटणारी वेल म्हणजे वंश, उमललेलं फूल म्हणजे भरलं घर, असं सासूनं तिला शिकवलेलं. पदरावर खसखशीची रोपं होती, त्यांतलं एक फूल मात्र देठावर मान टाकलेलं. त्याबद्दल सासू बोलत नसे, तेवढा भाग आत दुमडून मगच शेला धरत. मंगलच्या लग्नात कमलच्या दिराच्या हातून नेमकी ती घडी उलगडली.

"वाळलं फूल मधात धरून राहिले तुम्ही?" नवरदेवाची आत्या पुढे आली. "आमच्या पोराले नाही चालत असं."

गुरुजी थांबले. मुठीतल्या अक्षता ओल्या व्हायला लागल्या.

"वाळलेलं नाही हो आत्याबाई, कळी आहे," कमल म्हणाली. "माझ्या माहेरी, मंदसोरकडे, खसखस पिकते. उमलायच्या आधी कळी मान खालीच घालते."

"इथं कोणं पाह्यली तुमची खसखस?"

मी कमलच्या कानाशी लागले, "साधं उपरणं धर वं, मुहूर्त चालला."

"आज फूल वाळलं म्हणून कबूल केलं, तर उद्या त्या घरात काहीही झालं की पोरीवर येईल," ती हळूच म्हणाली. मग आत्याकडे वळली. "वाईट झालं तर बोल मला लावा. चारचौघांत सांगते. मंगलला नाही."

आत्या एक पाऊल मागं सरली. "धरा मंग. पण मी इसरनार नाही."

लग्न लागलं, पण कमल काही सुटली नाही हो. तिकडे कोणाला ताप आला तरी हिचा घास अडायचा. मंगलचं पहिलं बाळंतपण अडलं, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर आत्या आणि कमल शेजारी बसलेल्या. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, असं नर्सनं सांगितलं. आत्या उठली आणि म्हणाली, "जा आता घरी. जेवा." कमल तेव्हा रडली.

पुढे आमच्या महाल वस्तीतल्या कितीतरी लग्नांना तो शेला गेला, ते फूल आत न दुमडता. कमलची अट एकच. नवरीनं स्वतः यायचं, त्या फुलावर बोट ठेवायचं आणि ते काय आहे ते सांगायचं. त्याशिवाय शेला हातात मिळत नसे.

परवा मी कमलच्या खोलीत बसले होते. त्या आत्याच्याच लेकीची लेक आली, तिचं लग्न ठरलंय. मंगलनं पेटी उघडून शेला पलंगावर पसरला. पोरगी घाईत, घडी करायलाच लागली. "मामी, रिक्षा उभी करून आली मी."

मंगलनं शेल्यावर हात ठेवला.

"राहू दे उभी," ती म्हणाली. "आधी सांग, हे काय आहे?"