लाटणं म्हणजे सरळ, झारा म्हणजे लांब

शिलाई मशीनच्या खाली कातरण कोणी मुद्दाम जमवत नाही. आपण आपले कापत असतो, शिवत असतो, आणि एक दिवस पाय हलवायला जागा उरत नाही. आमच्या टीमचे किस्से तसेच. दोन वर्षं मी म्हणून राहिले, आज झाडून टाकू, उद्या टाकू. पण एकेक चिंधी हातात घेतली की फेकवत नाही. घ्या, तुम्हीच बघा.

आधी ओळख करून देते. मी सुशीला, वय चौऱ्याहत्तर. जबलपूरच्या एका फॅक्टरीत फौजेचे तंबू शिवण्यात उमर गेली. शाळा चौथीपर्यंत; पुढचं सगळं स्वतःचं स्वतः. इथल्या एका लहानशा कॉलेजात अमेरिकन फुटबॉलची टीम आहे. तिच्या कोचिंग स्टाफमध्ये आम्ही तिघं. हेड कोच देशकर सर, मुळात खो-खोचे. गोहलपूरच्या आखाड्याचे रामदीन उस्ताद. आणि मी.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

*

हा खेळ प्राचार्यसाहेबांनी आणला. ते मुलीकडे अमेरिकेला गेले, तिथे एक सामना पाहिला, आणि लोक मिठाई आणतात तसे त्यांनी पोतंभर जुने हेल्मेट आणि खांद्यावर बांधायच्या गाद्या आणल्या.

गाद्या तिकडच्या पोरांच्या मापाच्या. आमच्या पोरांना चढवल्या तर खांदे कानांच्या वर, आणि मान कुठेच नाही. देशकर सर आमच्याच गल्लीत राहतात. ते दारात येऊन म्हणाले, मावशी, एवढे खांदे बारीक करून द्याल का?

मी म्हटलं, देईन. पण खेळ काय आहे ते समजल्याशिवाय सुई लावणार नाही. तंबू शिवतानासुद्धा मी साहेबाला विचारायचे, हा कुठे लागणार, बर्फात की वाळूत.

सरांनी नियमांचं पुस्तक उघडलं. जाडजूड, इंग्रजी. दोन पानं वाचली आणि मिटून टाकलं.

"मावशी, खरं सांगू? मलाही नाही समजत."

"मग टीम काहून घेतली?"

"साहेब म्हणाले, चेंडू थोडा लांबट आहे. बाकी खो-खोसारखंच."

पुस्तक मी ठेवून घेतलं. ओमती भागातल्या रद्दीच्या दुकानातून जुनी डिक्शनरी आणली. रोज सकाळी पूजा झाली की दोन पानं. न कळलेला शब्द वहीत उतरवायचा, अर्थ काढायचा, पुढे सरकायचं. पावसाळा गेला, थंडी गेली, पुस्तक संपलं. मग परत पहिल्या पानापासून. पहिल्यांदा वाचलं ते समजायला, दुसऱ्यांदा वाचलं ते भांडायला.

*

पहिल्या प्रॅक्टिसला सरांनी पोरांना एका ओळीत उकिडवं बसवलं. एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला, तिसऱ्याचं परत पूर्वेला. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. चार वाजताचं ऊन.

तेवढ्यात उस्ताद आले. त्यांना खास बोलावलं होतं, कारण या खेळात समोरच्याला ढकलायचं काम फार असतं. त्यांनी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चक्कर मारली. मग सरांच्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "सर, ये बच्चे किससे रूठे हैं?"

ओळ मोडली. पण सरांचा एक नियम त्या दिवसापासून टिकला. चेंडू हातात आहे आणि काही सुचत नाही, तर उभं राहायचं नाही. मागच्याला खो द्यायचा. म्हणजे चेंडू त्याच्या पोटात कोंबायचा आणि "खो" म्हणायचं.

मी घरी येऊन पुस्तक पाहिलं. कुठेही मनाई नाही.

*

पहिल्या साली आमचा एकही टचडाउन झाला नाही. टचडाउन म्हणजे चेंडू घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे जायचं. एवढं केलं की सहा गुण. बोलायला सोपं आहे.

मैदानाच्या दोन्ही टोकांना खांब लागतात, वर एक आडवी दांडी. ते गोहलपूरच्या वेल्डरने केले. त्याने जन्मभर लोकांची फाटकं बनवली. नुसते खांब द्यायची त्याला लाज वाटली. एका दांडीवर त्याने लोखंडाचा मोर बसवून दिला, पिसारा फुलवलेला. दुसऱ्या दांडीपर्यंत लोखंड संपलं.

साल संपल्यावर प्राचार्यसाहेबांनी तिघांना बोलावलं. चहा दिला, तेव्हाच मला शंका आली. म्हणाले, आणखी एक साल देतो. जिंकू नका, पण एक टचडाउन दाखवा. नाही तर टीम बंद, आणि ग्राउंड लग्नांना भाड्याने.

मग खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "मोर रहने देंगे. शादी में अच्छा लगेगा."

सर जिन्यावर थांबून खाली पार्किंगकडे पाहू लागले. त्यांचं खो-खोचं मैदान आधीच पार्किंगमध्ये गेलं होतं. हे दुसरं. आणि माझं म्हणाल, तर जन्मभर मला लोक टेलरीणबाई म्हणत आले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी वीस पोरं कोच अम्मा म्हणून राहिली होती. ते मी मंडपवाल्याला देणार नव्हते.

*

माझी एक पिशवी आहे, तंबूच्या कापडाची. तिच्यात पुस्तक, डिक्शनरी, सुई-दोरा, सुपारीची डबी आणि सासूबाईंचा पितळी अडकित्ता. ती घेतल्याशिवाय मी मैदानात जात नाही.

दुसऱ्या सालचा पहिला सामना. आमच्या अमनने, म्हणजे जो चेंडू फेकतो त्याने, पुढे फेकलेला चेंडू कोणालाच झेलता आला नाही. जमिनीवर पडला. समोरच्या पोराने तो उचलला आणि पळत सुटला. रेफरीने त्यालाच गुण दिले!

मी सरळ आत गेले. पुढे फेकलेला चेंडू जमिनीला लागला की मेला. मेलेल्याला उचलून कोणी पळत नाही. पान काढून त्याच्या नाकासमोर धरलं. त्याने ओळ वाचली, परत वाचली, घाम पुसला आणि गुण काढून घेतले.

पण अपमान तर झालाच होता. रेफरीने मोठ्या आवाजात विचारलं, "माताजी, आप हैं कौन? इनकी टीम में क्या हैं?"

मला तोवर कॉलेजने काही पद दिलं नव्हतं. मी सरांकडे पाहिलं. सर पुढे आले, हात जोडले.

"साहब, किताब इनकी है. हम तो सिर्फ़ टीम हैं."

*

उस्तादांचं शिकवणं एकच. समोरच्याला धरलं की चित होईपर्यंत सोडायचं नाही. आणि या खेळात ज्याच्या हातात चेंडू नाही, त्याला नेमकं धरणंच मना आहे. ढकला, पण धरू नका. मी त्यांना पानासकट दाखवलं. ते म्हणाले, "दीदी, पकड़ेंगे नहीं तो पटकेंगे कैसे?"

या खेळात चूक झाली की रेफरी खिशातून एक पिवळा रुमाल काढून जमिनीवर फेकतो. हे मी उस्तादांना सांगायचं विसरले. माझीच चूक.

सामना सुरू झाला. उस्तादांच्या पठ्ठ्याने समोरच्याला कवेत घेतलं. रुमाल पडला. उस्ताद धावत गेले, रुमाल उचलला, झटकला, चौघडी केली आणि अदबीने परत दिला. "साहब, आपका रुमाल गिर गया."

पाच मिनिटांनी परत. "साहब, फिर गिर गया."

असं पाच वेळा झालं. रेफरीला वाटलं थट्टा चालली आहे. सहाव्यांदा तो काही बोलायच्या आत उस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"साहब, बुरा मत मानना. जेब में सिलाई करवा लो. हमारी दीदी मुफ़्त कर देंगी."

*

सर बाहेरून ओरडून चाल सांगायचे. "अमन, दाएँ से!" मैदानात सगळ्यांना हिंदी येते. पोरगा उजवीकडे पोचायच्या आत समोरचे तिथे उभे. वर सरांचा घसा बसला, तो आठवडाभर उठला नाही.

मग मी माझ्या सैपाकघरातून सामान आणलं. लाटणं वर केलं, म्हणजे सरळ घुसायचं. झारा, म्हणजे लांब फेकायचं. चिमटा, म्हणजे बाजूने पळायचं. पोरांना एका संध्याकाळी पाठ झालं. इंग्रजी नावं वर्षभर झाली नव्हती.

आठ दिवसांनी घरच्या मैदानावर सामना. पाहुण्यांसाठी रेषेजवळच कढई लावली होती, मेसचे महाराज भजी तळत होते. मी लाटणं वर केलं. अमनने लांब फेकला, समोरच्याने झेलला. परत लाटणं, परत लांब, परत त्यांच्याच हातात. तिसऱ्यांदा सरांनी त्याला कान धरून बाहेर ओढलं. पोरगा रडकुंडीला आला. म्हणाला, सर, झारा दिखा था.

आम्ही तिघांनी मागे वळून पाहिलं. महाराज झारा हवेत धरून उभे.

"मैं तो तेल निथार रहा था," ते म्हणाले.

त्या दिवसापासून सामन्याला फक्त केळी.

*

आता शेवटचा. दुसऱ्या सालचा शेवटचा सामना, आमच्याच मैदानावर, इंदूरच्या एका कॉलेजशी. तोवर टचडाउन शून्य. प्राचार्यसाहेब पहिल्या रांगेत, आणि त्यांच्या बाजूला एक मंडपवाला, हातात मोजायची टेप.

इंदूरच्या कोचाबरोबर त्याची आई आली होती. वसुधाबाई, माझ्याच वयाच्या, काळा चष्मा, घडीची खुर्ची थेट रेषेजवळ. सामन्याआधी येऊन म्हणाल्या, तुमची इकडची मराठी ऐकायला मोठी गंमत वाटते.

"काहून?" मी विचारलं.

"हेच ते," त्या म्हणाल्या.

मी हसले नाही.

सामना सुरू झाला. मी झारा दोनदा वर केला. तिसऱ्यांदा केला तर वसुधाबाईंनी खुर्चीतूनच मुलाला सांगितलं, झारा आहे, लांब जाणार. चार जण मागे जाऊन उभे. लाटणं काढलं, तर सगळे पुढे भिंत करून. चिमटा काढला, तर दोन्ही बाजू बंद. मुलाला भांड्यांतलं काही कळत नव्हतं, पण आईचं सैपाकघर पक्कं होतं. आमची वर्षाची मेहनत त्या बाईने अर्ध्या तासात वाचून काढली.

वीस-शून्य. सर आले. "मावशी, काही उपाय?"

उपाय नव्हता. मी तसं सांगितलं नाही.

सामना संपत आला, आणि इंदूरवाल्यांच्या हातून चेंडू सुटला. उस्तादांचा पठ्ठ्या त्यावर पालथा पडला आणि शिट्टी वाजली तरी उठेना. शेवटची रेषा तिथून बारा पावलं. वर मोर. आम्हाला चार प्रयत्न.

लाटणं. भिंत.

झारा. चार जण तयार.

चिमटा. एक पाऊलही नाही.

घड्याळात एवढाच वेळ की एक चाल व्हावी. मंडपवाला उठून टेपचं टोक शोधू लागला. सर मैदानाकडे पाहतच नव्हते, ते मोराकडे पाहून राहिले होते. पोरं माझ्याकडे पाहत होती. मी पिशवीत हात घातला, आणि जे हाताला लागलं ते वर केलं.

अडकित्ता.

आमचे अकरा आणि त्यांचे अकरा, बावीस पोरं माझ्या हाताकडे पाहत राहिली. मग त्यांच्या अकरांनी मान वळवून कोचाकडे पाहिलं. कोचाने आईकडे पाहिलं. वसुधाबाईंनी काळा चष्मा काढला.

तेवढ्यात चेंडू अमनच्या हातात आला. अडकित्ता त्यालाही माहीत नव्हता. काही सुचत नाही, तर उभं राहायचं नाही. त्याने "खो" म्हणून चेंडू मागच्या दुर्गेशच्या पोटात कोंबला. दुर्गेश शहपुऱ्याचा, घरची मटाराची शेती, पाठीवर पोतं घेऊन मंडीच्या गर्दीतून पळायची लहानपणापासून सवय. इंदूरवाल्यांच्या माना सरळ झाल्या तेव्हा तो मोराखाली उभा होता, आणि आता चेंडू कुठे ठेवायचा ते त्याला कळत नव्हतं, कारण तिथपर्यंत कोणी गेलंच नव्हतं.

रेफरीने दोन्ही हात वर केले, म्हणजे टचडाउन. उस्ताद मैदानभर रुमाल शोधत फिरले. कुठेच पडला नव्हता.

आम्ही वीस-सहा हरलो. आमची पोरं एवढी नाचली की इंदूरची पोरं एकमेकांना विचारू लागली, जिंकलं कोण? मंडपवाल्याने टेप खिशात घातली. सर मोराखाली उकिडवे बसले, आमच्याकडे पाठ करून. कोणावर रुसले, ते कोणी विचारलं नाही.

मी भांडी पिशवीत भरत होते. वसुधाबाई खुर्ची काखेत मारून आल्या.

"बाई, बाकीचं सगळं मला कळलं. अडकित्त्याचा अर्थ तेवढा सांगा."

"काही नाही," मी म्हटलं. "सुपारी खायची होती."

त्यांनी खुर्ची खाली ठेवली. मग हात पुढे केला. मी सुपारी फोडली आणि अर्धी त्यांना दिली.