जहाजावरची रिकामी जागा

आमची इंजिनिअर कंपनी भिलाईत पोहोचली तेव्हा पोलाद कारखान्याची पहिली भट्टी अजून पेटायची होती. आमचं काम तीन महिन्यांचं. पायाच्या खोदकामात लागलेला खडक सुरुंगानं फोडायचा. तंबू पावर हाउसपासून दीड मैलावर, उघड्या माळावर होते. मी कंपनीचा हवालदार क्लार्क. उद्या कोणी कुठल्या कामावर जायचं, ती डिटेल रोज संध्याकाळी पाचला मी लिहायचो.

मेसच्या तंबूत एक तैलचित्र होतं. गोरे साहेब जाताना मागे राहिलेलं, प्रत्येक पोस्टिंगला पेटीत बंद होऊन आमच्याबरोबर फिरलेलं. चार ब्रिटिश लढाऊ जहाजं, पहिल्या महायुद्धाच्या आधीची, एकामागे एक. जाड धुराडी, काळा धूर, शिशाच्या रंगाचं पाणी. समुद्र तिथून शेकडो मैल लांब. तरी दुपारी मेस रिकामी असली की त्या पाण्याकडे पाठ करून बसायला मला बरं वाटत नसे.

चित्रावर चुलीची काजळी बसली होती. मेजर साहेबांनी ते साफ करायला सांगितलं आणि काम लान्स नाईक सुखदेवकडे आलं. तुमसरकडचा, वय सव्वीस. कंपनीच्या गाड्यांचे नंबर आणि पाट्या तोच रंगवायचा. त्याची नोकरी अकरा दिवसांत संपत होती. कारखान्यात पेंटरची जागा कबूल झाली होती. आईला गावाहून आणायचं, रिसालीकडे खोली घ्यायची, एवढाच त्याचा विषय. सुटायला आलेल्या माणसाला सुरुंगावर पाठवायचं नाही, असा आमच्या कंपनीचा रिवाज होता. हा रिवाज कागदावर नव्हता, पण मोडत कोणी नसे.

तो अर्धा कापलेला बटाटा हळूहळू फिरवून काजळी काढायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं मला बोलावलं. पहिल्या जहाजाच्या डेकवर माणसं उघडी पडली होती. पांढऱ्या वर्दीत, तीन रांगांत फॉल-इन झालेली, तांदळाच्या दाण्याएवढी.

"हे समुद्राकडं नाही पाहून राहिले, बाबूजी," तो म्हणाला. "आपल्याकडं पाहून राहिले."

मी वाकून पाहिलं. खरं होतं. मधल्या रांगेत एका माणसाची जागा मोकळी होती. फौजेत राहिलेल्या नजरेला आधी तेच दिसतं.

"कोणाची वाट पाहून राहिले असतील?"

चित्रकार कंटाळला असेल, मी म्हणालो. "रिकामी जागा बरी दिसत नाही. भरून टाक."

"तुमाले उभं करू?"

"माझी पुस्तकं वाचायची राहिलीत अजून."

"वाचून वाचून पोट भरते का तुमचं?" तो हसला आणि त्यानं स्वतःलाच उभं केलं. पांढऱ्या रांगेत एक हिरवा दाणा.

दुसऱ्या दिवशी सुरुंग पार्टीतला एक नाईक तापानं सिक रिपोर्टवर गेला. बदली नाव आलं नव्हतं. पाच वाजले, रनर दारात उभा. यादीत एक जागा रिकामी होती आणि तशी यादी मी कधी पाठवली नव्हती. सुरुंगाचं काम येणारं, हाताशी असलेलं नाव मी लिहिलं. सुखदेवचे नोकरीतून सुटण्याचे कागद माझ्याच टेबलावर होते. यादी गेल्यावर ते दिसले. एका दिवसाचा प्रश्न आहे, असं मनाशी म्हणून मी ते ड्रॉवरमध्ये ठेवले.

सकाळी अकरा वीसला वायरलेसवर सुरुंग पार्टीचा आवाज आला.

"वन फॉर कंट्रोल. नऊ लावले, आठ उडाले. थर्टी मिनिट्स वेटिंग. ओव्हर."

न उडालेल्या सुरुंगापाशी वात पेटवणारा एकटाच जातो. त्या दिवशी ती सुखदेवनं पेटवली होती. तीस मिनिटं पूर्ण थांबून तो अकरा पन्नासला खाली उतरला. अकरा चोपन्नला आवाज झाला. माझ्या टेबलावरच्या दौतीतली शाई हलली.

"वन फॉर कंट्रोल. एक कॅज्युअल्टी."

"स्ट्रेचर पाठवतो. ओव्हर."

खरखरीतून उत्तर आलं, "स्ट्रेचर नको. ओव्हर."

दोन दिवसांनी मेजर साहेबांची नजर त्या हिरव्या ठिपक्यावर गेली. पुसून टाक, एवढंच ते म्हणाले. मी टर्पेंटाइन आणि चिंधी घेऊन बसलो. रंग चार दिवसांचा, आत अजून ओला असायला हवा होता. चिंधी स्वच्छ निघाली. मी जोर लावला. शेजारचे पांढरे दोघे पुसट झाले. तो तसाच राहिला, आमच्याकडे बघत. मी साहेबांना दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि पेटी मागवली. खिळे मी ठोकले.

त्याची ट्रंक घेऊन मी तुमसरकडे गेलो. आईनं ट्रंक उघडली नाही. हात पुसत समोर बसली.

"त्याचे तर दिवस भरले होते ना, बाबू? मंग त्याले तिथं कोणी पाठवलं?"

मी म्हणालो, ऑर्डर होती.

तिनं मान हलवली. मला जेवू घातलं. स्टँडपर्यंत पोचवायला आली.

ती गेल्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तिला द्यायचं उत्तर इथे लिहून ठेवतो. मावशी, ऑर्डर कोणाची नव्हती. लान्स नाईक सुखदेव हे नाव त्या यादीत मी लिहिलं.